आपटा म्हणून लावलेलं झाड

दाराच्या उजव्या हाताला, न्हाणीघराची भिंत आणि आवाराची भिंत जिथं मिळतात, तिथं एक कोपरा मोकळा उरला होता. लांबी पाच फूट, रुंदी चार. मुलानं पत्र्याचं घर पाडून सिमेंटचं बांधलं तेव्हा गवंड्यानं सगळ्या अंगणात फरशी घातली आणि त्या कोपऱ्यापाशी येऊन फरशी संपली. आणखी आणायची म्हणून राहिली ती राहिलीच. तिथं खराटा, फुटकी बादली आणि घरच्या माणसाची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, सायकल असायची. माणूस गेल्यावर सायकल भंगारवाल्याला दिली. मग तो कोपरा फारच मोकळा दिसायला लागला.

तिथं झाड लावायचं मी ठरवलं. सावलीसाठी नाही, सावलीला ओसरी आहे. फळासाठीही नाही, मला आता दातानं काही तोडता येत नाही. मला झाड हवं होतं ते माणसं दारात यावीत म्हणून. हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही.

आमचं गाव नळदुर्गपासून एसटीनं अर्ध्या तासावर, हायवे सोडून आत. घरचा माणूस होता तोवर दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्या दारात चपला मावत नसत. तो भावकीत सगळ्यांत वडील. शिवेवर शिलंगणाला गेलेली माणसं परत आली की आधी मारुतीला आपट्याची पानं वाहायची आणि मग घरं घेत यायची. ‘सोनं घ्या’ म्हणायची, पानं हातात द्यायची, पाया पडायची. तो खुर्चीवर बसलेला, मी चौकटीशी साखरेचं ताट घेऊन उभी. त्याच्या पाया पडल्यावर वाकलेले असतानाच माझ्याही पायाला हात लावायचे आणि मग सरळ व्हायचे. मला वाटायचं हा माझाही मान आहे.

तो गेला त्या वर्षी दुखवटा होता, कुणी येणार नव्हतंच. दुसऱ्या वर्षी मी साखर आणून ठेवली. कुणी आलं नाही. तिसऱ्या वर्षीही नाही. माझं कुणाशी भांडण नव्हतं. रस्त्यात भेटले की ‘काकी, बरं हाय का’ विचारायचे. पण दारात यायचे ते त्याच्यासाठी, आणि वाकलेलेच आहेत तर माझंही उरकून घ्यायचे, हे मला तिसऱ्या वर्षी नीट कळलं.

तेव्हा डोक्यात आलं की माणसाला माणूस नको असलं तरी झाडाचं काहीतरी हवं असतं. फक्त ते झाड बरोबर निवडायला पाहिजे.

कडुलिंब पहिल्यांदा मनात आला आणि पहिल्यांदाच गेला. त्याला पाणी लागत नाही हे खरं, पण तो चार फुटांत राहत नाही. त्याची मुळं पाच पावलांवरच्या संडासच्या टाकीत जातील आणि निंबोळ्या शेजारच्या गच्चीवर पडतील, जिथं त्यांच्या मिरच्या वाळत असतात. शेवगा दारात लावू नये म्हणतात, घरात भांडणं होतात. भांडायला घरात दुसरं कोण होतं? पण शेवग्याचं लाकूड ठिसूळ. वाऱ्यात फांदी मोडून विजेच्या तारेवर पडली तर तार जोडायला माणूस आठ दिवसांनी येतो. डाळिंबाला पाणी आणि फवारणी लागते. सीताफळ आमच्या माळावर आपोआप येतं, पाण्यावाचून जगतं, कोपऱ्यातही मावतं. पण सीताफळाला माकडं येतात. मला माकडं नको होती.

शेजारी दुकान आहे, त्या घरची माणसं शंकराची. त्यांची सून सीमेपलीकडची, घरात कानडी बोलते आणि माझ्याशी मराठी. ती म्हणाली, “बेल लावा की आज्जी. दर सोमवारी मी येईन पानाला. गल्लीतल्या सगळ्या येतील.”

“किती वर्सांत पानाला येईल?”

“चार-पाच वर्सं लागतात की.”

“तवर मला कोण थांबवून ठेवणार हाय?”

ती हसली. पण खरं कारण वेगळं होतं. बेलाला येणारी बाई पहाटे येते, पूजेआधी कुणाशी बोलत नाही, पानं खुडते आणि देवाकडं जाते. तिला देवाची घाई असते. असलं येणं मला नको होतं.

त्याच बोलण्यात ती म्हणाली की अवंदा दसऱ्याला आपट्याची पानं मिळालीच नाहीत. हायवे रुंद झाला तेव्हा माळावरची आपट्याची झाडं गेली होती. आता पोरं मोटारसायकलवर लांब डोंगरात जाऊन फांद्या तोडून आणतात. माझं तिथंच ठरलं. आपटा बुटका राहतो, मुरमात येतो, आठ-आठ दिवस पाणी नसलं तरी मरत नाही. आणि वर्षातून एक दिवस सगळ्या गावाला तो लागतो. सकाळी ज्यांनी माझ्या झाडाची पानं नेली, ते संध्याकाळी तीच पानं घेऊन माझ्या दारावरून नुसते कसे जातील? असा माझा हिशेब होता.

मुलाला फोनवर सांगितलं. तो पुण्यात असतो.

“आई, झाड कशाला? कुंडीत तुळस ठेव. मुळं न्हाणीच्या भिंतीत जातील.”

“तुझी भिंत चार इंची हाय. तिच्यातनं मूळ काय, उंदीर बी जाईल.”

“मग इकडंच ये की राहायला. सोसायटीत मायंदाळ झाडं आहेत.”

“ती माझ्या दारात न्हायीत.”

त्याला वाटलं मी हट्टानं बोलतेय.

आषाढात एसटीनं नळदुर्गकडं गेले. गावाच्या अलीकडं हायवेला एका ढाब्याच्या बाजूला रोपवाटिका आहे. ट्रकच्या धुरळ्यानं सगळी रोपं एकाच रंगाची झालेली. मालक खुर्चीवर बसूनच म्हणाला, “या मावशी. काय दावू?”

“कोपरा पाच बाय चार. पाणी आठ दिसाला एक घागर. वर तार, खाली टाकी. ह्यात नांदंल असलं झाड दे.”

“मावशी, एवढ्या अटी तर लोक सून बघताना बी घालत न्हायीत.”

“सून न्हाय नांदली तर माहेरी जाती. झाड कुठं जाईल?”

तो उठला. कण्हेर दाखवली, चाफा दाखवला, पिवळ्या फुलांचं एक विलायती झुडूप दाखवलं. मी आपटा मागितला. तो मागच्या जाळीत गेला आणि काळ्या पिशवीतलं दोन फुटी रोप घेऊन आला. पान मधोमध चिरलेलं, बैलाच्या खुरासारखं.

“आपटाच हाय न्हवं?”

“मग काय तर. पान बघा की. दसऱ्याला तुळजापूरच्या रस्त्यानं ह्याच्याच जुड्या असतात.”

मी पान बघितलं. जोडपान होतं. रोप मांडीवर घेऊन एसटीत बसले.

आमच्या अंगणात फरशीखाली मुरूम आहे आणि मुरमाखाली काळा दगड. पहार मारली की हातालाच झिणझिण्या येतात. गडी लावला असता तर दोन तासांचं काम, पण मला घाई नव्हती. संध्याकाळी खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतायचं, सकाळी मऊ झालेलं तेवढं खुरप्यानं उकरायचं. असं बारा दिवस केलं. दीड हात खड्डा झाला. त्यात शेतातली काळी माती आणि शेणखत घातलं, रोप लावलं. त्याच्या शेजारी एक जुना माठ गळ्यापर्यंत पुरला. माठाच्या बुडाला भोक पाडून त्यात चिंधी अडकवली होती. माठ भरला की चिंधीतून थेंबथेंब पाणी मुळाशी जातं. वर ताटली झाकली की ऊन पाणी पीत नाही. उन्हाळ्यात टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा तेव्हाही त्या झाडाची घागर मी कधी चुकवली नाही. अंघोळ चुकवली.

काही माणसं झाडाशी बोलतात म्हणे. मी बोलले नाही. काय बोलायचं? पण सकाळी उठल्यावर आधी ताटली उचलून माठात किती पाणी उरलंय ते बघायची. तेवढंच एक रोजचं काम झालं होतं जे दुसऱ्या कुणासाठी होतं.

दुसऱ्या वर्षी झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं. पानं माझ्या तळहाताएवढी झाली, मऊ आणि पातळ. माझ्या माहेरच्या बांधावर आपटा होता. त्याचं पान लहान, जाड, खरबरीत, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. मला फरक दिसत होता. मी स्वतःला सांगितलं की खरकटं पाणी आणि शेणखत मिळालंय म्हणून फोफावलंय. माणूस स्वतःला काहीही सांगू शकतं.

मग फाल्गुनात फुलं आली. मोठी, गुलाबी, जांभळ्या रेघांची. आपट्याची फुलं बारीक, पांढुरकी, कुणाचं लक्षही जात नाही असली. आता स्वतःला सांगायलाही काही उरलं नाही. ते झाड कांचन होतं.

रोपवाटिकेवाल्यानं फसवलं असं मला वाटत नाही. त्यालाही तोच आपटा वाटत असणार. त्याच्या वयाच्या माणसांनी बाजारातल्या जुड्याच बघितल्या आहेत. पण मी तर बांधावरचा आपटा बघितलेला होता. चूक माझी. मला आपटा इतका हवा होता की पान चिरलेलं दिसलं आणि पुढं मी बघितलंच नाही.

शेजारची सून भिंतीवरून वाकून म्हणाली, “आज्जी, आपट्याला असली फुलं येतात व्हय?”

“ह्या जातीला येतात,” मी म्हणाले.

“लई भारी जात हाय.” तिनं दोन फुलं पिंडीवर घालायला मागून नेली.

मी लोकांना तोंडावर बोलून आयुष्यभर दुखवलंय, पण खोटं फार कमी बोललेय. ते खोटं मी दोन वर्षं धरून ठेवलं. झाड उपटून दुसरं लावावं असंही मनात आलं. पण पुन्हा तीन वर्षं कोण बघणार? आणि आपटा नाही हे गावाला कळलं तर कुणी पानाला कशाला येईल? म्हणून गप्प बसले. फुलं आली की पहाटे उठून खालच्या फांद्यांची खुडून टाकायची. हे सगळं एका संध्याकाळसाठी.

गेल्या दसऱ्याच्या आधी मी शेजारच्या सुनेला मुद्दाम सांगितलं की दुकानात येणाऱ्यांना सांग, पानं हवी असतील तर माझ्या अंगणातून न्या. सकाळी सातपासून माणसं यायला लागली. मोटारसायकली दारात. भावकीतले होते, वरच्या आळीचे होते, काहींना मी ओळखतही नव्हते.

“काकी, नेऊ का एक डहाळी?”

“ने. शेंडा मोडू नको.”

“काकी, घरात झाड लावून तुमी गावावर उपकार केलं बगा.”

“उपकार कशाचे. संध्याकाळी या.”

“येतो की. येतो म्हंजे येतोच.”

हे वाक्य मी त्या सकाळी सात-आठ जणांकडून ऐकलं. कुणालाही पान वेगळं दिसलं नाही. दुपारपर्यंत खालच्या सगळ्या फांद्या बोडक्या झाल्या, वरचा शेंडा तेवढा राहिला. मी अंगण झाडलं, धुतलं. पेढे आणले होते ते ताटात काढले. घरच्या माणसाची खुर्ची ओसरीत ठेवली आणि त्या खुर्चीवर पहिल्यांदाच मी बसले.

ऊन उतरलं. मारुतीच्या देवळाकडून गलका ऐकू आला, म्हणजे शिलंगणाहून माणसं परत आली होती. मग गलका पांगला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चपलांचे आवाज आले आणि वरच्या आळीकडं वळले. तिकडं एक पुढारी राहतो. पुण्याहून मुलाचा फोन आला, “आई, सोनं घे.” मी म्हटलं, “घेतलं.” त्यानं विचारलं, “आले का कोण?” मी म्हटलं, “येतील.” दिवेलागणीपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही. पेढ्यांवर मुंग्या चढल्या. मुंग्या झटकताना माझ्या मनात आलं की मी तरी कुठल्या बाईला सोनं द्यायला गेले होते?

उत्तर लगेच आलं. माझी चुलत सासू. ती अजून आहे. आमच्याच गल्लीच्या शेवटी, एका खोलीत. नव्वदीच्या पुढं गेली, दिसत नाही. मुलगा-सून शेतातल्या वस्तीवर राहतात, दोन वेळा भाकरी आणून देतात. तिचा नवरा तीस वर्षांपूर्वी गेला. तो होता तोवर आम्ही दोघं दर दसऱ्याला त्यांच्याकडं जायचो. तो गेल्यावर आम्ही जाणं बंद केलं. ठरवून नाही. आमच्याच दारात माणसं यायला लागली होती, वेळ नव्हता.

शेंड्याच्या खालची चार पानं काठीनं ओढून काढली. दाराला कडी घातली आणि गेले.

म्हातारी अंधारातच बसली होती. तिला दिव्याचं काय.

“कोण हाय?”

“मी, आत्याबाई. सोनं घ्या.”

तिच्या हातात पानं ठेवली, पायाला हात लावला. तिनं पान चाचपलं. अंगठ्यानं शिरा बघितल्या, मग नाकाशी धरलं.

“हा कांचन हाय.”

“व्हय.”

“ठावं हाय तुला?”

“दोन वर्सं झाली.”

“आन् गावाला?”

“गावाला न्हाय ठावं. सकाळी सगळ्यांनी नेली.”

ती हसली, बराच वेळ. “आंधळी मी, आन् दिसंना गावाला.” मग हसणं थांबवून म्हणाली, “माझा मालक गेल्यापासनं तू दसऱ्याला ह्या घरात आली न्हाईस.”

“न्हाय आले.”

“का गं?”

“सुचलं न्हाय.” हेच खरं होतं.

“मग आज कसं सुचलं?”

“माझ्याकडं बी कुणी आलं न्हाय.”

“म्हंजी माझ्यासाठी न्हाईस आली.”

“न्हाय.”

“बस,” ती म्हणाली. “खोटं बोलली असतीस तर परत लावून दिली असती.”

मी बसले. तिनं उशाचा डबा चाचपून काढला आणि मला गुळाचा खडा दिला. मग गावात कोण कोण मेलं ते विचारलं. मी एकेक नाव सांगत गेले. काहींना ती ‘बरा व्हता’ म्हणाली, काहींना काहीच म्हणाली नाही. नावं बरीच होती, त्यामुळं बराच वेळ गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची सून भिंतीपाशी आली.

“काल आले होते की आज्जी, लेकराला घेऊन, सोनं द्यायला. तुमच्या दाराला कुलूप होतं.”

मी कुलूप लावलं नव्हतं. नुसती कडी घातली होती. अंधारात तिला कुलूप वाटलं असेल, नाहीतर ती आलीच नसेल आणि बोलायचं म्हणून बोलली असेल. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर एकतर ती खोटी ठरली असती, नाहीतर मी मूर्ख.

“आता घ्या की मग,” असं म्हणून तिनं भिंतीवरून हात घालून माझ्याच झाडाचं पान तोडलं आणि मला दिलं.

मी म्हणाले, “हा आपटा न्हाय पोरी. कांचन हाय. फुलं आली तवापासनं मला ठावं हाय.”

“असंल की,” ती म्हणाली. “मग काय झालं आज्जी? बाजारात बी हेच इकतात. कोण बगतंय?” आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून ती गेली.

मी ते पान हातात घेऊन तिथंच उभी राहिले. दोन वर्षं मी पहाटे उठून फुलं खुडली होती, कारण कळलं तर कुणी येणार नाही असं वाटत होतं. कळलं असतं तरी ते पानं न्यायला आले असते. आणि खरा आपटा असता तरी संध्याकाळी आले नसते. झाडाचा त्यात काही संबंध नव्हता. निवडायचं होतं माणूस, आणि मी झाडच निवडत बसले होते.

मुलगा दिवाळीला आला तेव्हा म्हणाला की झाड भिंतीला टेकलंय, तोडूया. मी तोडू दिलं नाही. पाणी कमी लागतं, जागेत मावतं, फुलं बरी दिसतात. एवढं पुरे आहे. आता फुलं खुडत नाही.

माझ्या दारात अजून कुणी येत नाही, दुधवाला सोडून. म्हातारीकडं मात्र मी दसऱ्याची वाट न बघता जाते, नव्वदीच्या माणसाच्या बाबतीत वर्षभर थांबण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा मध्येच गेले तेव्हा तिनं विचारलं, “आज काय हाय?” मी म्हटलं, “काय न्हाय.” तिला ते पटायला वेळ लागला. काल निघताना म्हणाली, “उद्या येऊ नको. उद्या सून येऊन मला न्हाऊ घालती, तिला पसारा चालत न्हाय. परवा ये.”

परवा जाणार आहे.